गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं उन्हाळी चालणं: वाळवंटातले सल्ले इथे चालत नाहीत

रानवाटसरू

सत्तरीतल्या केरीपासून काणकोणातल्या पैंगीणपर्यंत, सह्याद्रीच्या पायथ्याने गोवा उभा चालत जायचा, हे माझं जुनं खूळ. खुणा रंगवलेली सलग वाट इथे नाही. गावरस्ते, कुळागरांतल्या म्हणजे पोफळीच्या बागांतल्या पायवाटा, नदीकाठ असं जोडत जावं लागतं. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं एकाला लागून एक आहेत, त्यामुळे वनखात्याची परवानगी कुठे लागते ते आधी विचारून घ्यायचं. मुक्काम गावात करायचा, रानात तंबू ठोकायचा नाही. सोबत कुणी नाही, पाठीवर सॅक. सुट्टी मिळेल तसा एकेक तुकडा करते आहे.

हा धागा मार्चअखेरच्या एका दिवसाबद्दल आहे. वाळपईच्या पुढे नगरगावच्या बाजूने म्हादई नदीच्या अंगाने चालत होते. जाण्याआधी अमेरिकेतल्या वाळवंटी वाटांवर चालणाऱ्यांचं बरंच वाचलं होतं: अंगभर सैल कपडे, गळ्याला ओला रुमाल, दुपारी झोपा आणि रात्री चाला, छत्री, मीठ. यातलं आपल्या हवेत काय टिकतं ते बघायचं होतं. निम्मं टिकत नाही, हे मला इथे सांगायचं आहे.

सकाळी साडेसहाला निघाले. तासाभरात पाठ भिजली, आठपर्यंत शर्ट पिळता येईल असा झाला. घाम येत होता भरपूर, पण वाळत नव्हता, नुसता वाहत होता. गळ्यातला ओला रुमाल पहिली पाच मिनिटं बरा वाटला, मग तो अंगाइतकाच कोमट. वाळवंटात हाच रुमाल थंडगार राहतो, कारण तिथली हवा त्यातलं पाणी ओढून घेते. आपल्या हवेत आधीच एवढं पाणी असतं की ती आणखी घ्यायला तयार नसते.

सावलीचंही असंच. ‘जंगलातून वाट आहे, मग ऊन कसलं?’ असं घरचे म्हणाले होते. मार्चमध्ये सत्तरीतलं पानझडी रान एकदा बघा. ऐन, किंदळ, सावर सगळे उघडे. खाली वाळक्या पाल्याचा थर, वरून सरळ ऊन. झाडं शेकडो आणि छत्री उघडायची वेळ! दाट सावली मिळते ती ओहोळाच्या घळीत, कुळागरात आणि देवराईत. बांबरची निरंकाराची राय ज्यांनी पाहिली असेल त्यांना कळेल. रानजायफळाची झाडं, मुळांशी पाणी, आणि आत पाऊल टाकल्याबरोबर हवा बदलते. देवाची जागा आहे, तिथे डबे उघडून पिकनिक करायची नाही, पण काठाला दहा मिनिटं टेकलं तर कोणी हाकलत नाही.

दहाच्या सुमाराला जांभ्याचा उघडा सडा लागला. दिवसातला सगळ्यात वाईट तुकडा तोच. डोक्यावरचं ऊन छत्रीने अडवता येतं, पण तापलेला कातळ खालून भाजतो त्याला छत्री काय करणार? वारा पडलेला. पणजीला दुपारी खारा वारा सुटतो आणि जीव वाचतो. घाटाच्या पायथ्याशी तो पोचेपर्यंत दिवस कलतो, काही दिवशी तर पूर्वेचा वारा त्याला येऊच देत नाही. सडा संपता संपता डोकं जड झालं, पावलं आखूड पडायला लागली. त्या क्षणी पुढचा टप्पा मनातून रद्द केला आणि खाली दिसणाऱ्या पोफळींच्या शेंड्यांकडे उतरले.

कुळागर म्हणजे एकाच ठिकाणी पाणी, सावली आणि माणूस. पाटात पाय सोडून बसले तर एक आजी काजूची पाटी डोक्यावर घेऊन आल्या. “खंय चल्ल्या गो बाये, ह्या वतांत?” सांगितलं, पैंगीणला. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि पैंगीणबद्दल काही न बोलता घरात घेऊन गेल्या. उकड्या तांदळाची पेज, खारातलं तोर (कैरी), सुक्या बांगड्याचा तुकडा. दोन वाडगे रिचवले आणि ओसरीवर आडवी झाले.

नीट बघितलं तर त्या घरातलं उन्हाळ्याचं वेळापत्रकच बरोबर होतं. उजाडल्यावर काजू वेचायला जायचं, ऊन चढायच्या आत परत, अकराच्या सुमाराला पेज, चारपर्यंत घरचं बैठं काम, मग पुन्हा बाहेर. मीही चारला उठले आणि अंधाराच्या आत मुक्कामाचं गाव गाठलं. अंतर ठरवलं होतं त्याच्या जेमतेम निम्मं झालं. मला ते चालतं.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः कोकण-गोवा पट्ट्यात उन्हाळ्यात चालणाऱ्यांचे.

---

चक्रम

घरी पंखा नाही का? :) हलके घ्या.

खरा प्रश्न: पाणी किती नेलं होतं? आणि सॅक किती किलोची?

---

रानवाटसरू

@चक्रम, पंखा आहे, लाईट नसते.

निघताना तीन लिटर, आणि मिळेल तिथे भरत गेले. सॅक पाण्यासकट नऊ किलोच्या आत. तंबू आणि स्टोव्ह नसल्यामुळे जमतं. खायला पोहे, गूळ, खोवलेलं सुकं खोबरं, शेंगदाणे. पोहे पाण्यात भिजवायचे की झालं. स्टोव्ह मुद्दामच नेत नाही. मार्चमध्ये त्या पाल्यावर ठिणगी पडली तर काय होतं ते २०२३मध्ये सगळ्यांनी पाहिलं आहे. नौदल आणि हवाईदलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत फिरत होती.

---

सॅनदिएगोवाला

मूळचा डिचोलीचा, आता कॅलिफोर्नियात. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचा दक्षिणेकडचा वाळवंटी भाग तुकड्यांनी चाललो आहे. पूर्ण वाट सुमारे ४,२६५ किलोमीटर, मेक्सिकोच्या हद्दीपासून कॅनडापर्यंत. एवढी रजा मला कोण देणार!

धागाकर्तीचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, फक्त उलट्या बाजूने लिहितो. तिथे घाम येतो हे कळतच नाही. शर्ट कोरडा, कातडी कोरडी, फक्त कॉलरवर मिठाची पांढरी रेघ. म्हणून माणूस फसतो आणि पाणी कमी पितो. सॅन फेलिपे टेकड्यांत सुमारे ३८ किलोमीटर नैसर्गिक पाणी नाही. मध्ये स्वयंसेवक बाटल्या ठेवतात, पण त्या असतीलच असं धरून निघायचं नाही. तिथे पाच-सहा लिटर पाठीवर घेऊन चालणारे लोक दिसतात. गोव्यात तेवढं ओझं घेतलंत तर ते वाहण्यातच अर्धं घामावाटे जाईल.

छत्री तिथे चंदेरी, ऊन परतवणारी वापरतात. सडा किंवा डांबरी रस्ता असेल तर गोव्यातही कामाची, कारण थेट ऊन दोन्हीकडे सारखंच लागतं. पण सावलीत गेल्यावर वाळवंटात जो फरक पडतो तो गोव्यात पडत नाही. मे महिन्यात डिचोलीला आंब्याखाली बसूनही मी निथळत असे.

---

तापमापी

आकडे आवडणाऱ्यांसाठी. घाम किती वाळेल हे ‘वेट बल्ब’ तापमानावरून कळतं, म्हणजे थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा जिथपर्यंत उतरतो ते. ४० अंश आणि १० टक्के आर्द्रता, हे वाळवंट: वेट बल्ब साधारण साडेअठरा. ३४ अंश आणि ६० टक्के, हा आपला मार्च: साधारण साडेसत्तावीस. सहा अंशांनी ‘थंड’ असलेली जागा शरीराला नऊ अंशांनी जड पडते.

एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम टपटप खाली पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही, वर पाणी आणि मीठ गेलं ते गेलंच. पूर्वी ३५ अंश वेट बल्ब ही माणसाची सहनशक्तीची सीमा मानत. पेन स्टेट विद्यापीठाच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दमट हवेत तरुण, निरोगी माणसांची सीमा ३१च्या आसपासच निघाली, आणि तीही हलकी हालचाल करताना. पाठीवर सॅक घेऊन चढ चढताना नव्हे.

---

वाळपईचो

ताई, लेख बरा आहे. पण कोणी वाळवंटातलं वाचून रात्री चालायला निघू नका, म्हणून लिहितो.

उन्हाळ्यात रानातलं पाणी आटतं आणि उरलेल्या कोंडींवर सगळेच येतात. गवे पहाटे आणि तिन्हीसांजेला. अस्वलंही आहेत. गवा लांबून दिसला तर तो आपल्या वाटेने जातो, अंधारात अंगावर गेलात तर काय? वाघ-बिबट्याची भीती लोकांना वाटते, आम्हांला गव्याची वाटते. नीट दिसायला लागल्यावरच निघायचं आणि दिवे लागायच्या आत घरात. पाणी भरायचं तर भर सकाळी, आवाज करत.

दुसरं म्हणजे माकडताप. सत्तरीत २०१५ पासून आहे. डिसेंबर ते मे हाच त्याचा मोसम, आणि काजूत काम करणारेच जास्त सापडतात कारण बसणं-उठणं पाल्यात. गोचिडीतून होतो. पाल्यावर बसू नका, झोपायचं तर अजिबात नको. पायजमा मोज्यात खोचा, लांब बाह्या. गोचिडी दूर ठेवायला अंगाला लावायचं डेपा तेल आरोग्य केंद्रात विचारा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि काखा, जांघा, कानामागे नीट बघा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं, की मी सत्तरीच्या रानात होते.

---

काजूबोंड

आणि नीरो, काजूच्या बोंडांचा ताजा रस? उन्हाळ्यात सत्तरीतून चालत गेलात आणि नीरो न पिता आलात तर तो दिवस मोजायचाच नाही :)

---

रानवाटसरू

@काजूबोंड, प्याले! पेजेनंतर, एक पेला. दुसरा आजींनीच दिला नाही. दुपारपर्यंत तो फसफसायला लागतो आणि मग चालणं वेगळ्याच दिशेने होतं. उर्राकाचा (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा) आग्रह पुढच्या घरी झाला, त्याला हात जोडले.

@वाळपईचो, आभार. गोचिडींचं मूळ लेखात यायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. लांब पँट आणि मोजे होतेच, त्यामुळे गरम जास्त होतं, पण त्यावर तडजोड नाही.

---

नाडीपरीक्षा

फोंड्यात प्रॅक्टिस करतो. चार गोष्टी, जरा लांबण होईल.

नुसतं पाणी ढोसू नका. घामातून मीठही जातं. तासामागून तास फक्त साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं: डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, टोकाला झटके. लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच, म्हणून सोबतचे लोक आणखी पाणी पाजतात. तहान लागेल तसं प्या, आणि सोबत खारट काहीतरी खा.

ओआरएस घ्यायचं तर पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आहे का ते वाचा. एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सायट्रेट. ग्लुकोज चवीसाठी नसतं, आतड्यात सोडियम त्याच्याबरोबर आत घेतलं जातं. दुकानातली गोड रंगीत पेयं ही ओआरएस नव्हेत. आजींची मीठ घातलेली पेज मात्र याच्या बरीच जवळ जाते. तांदळाच्या पिठाचं ओआरएस वैद्यकातही वापरलेलं आहे.

तिसरं. थकवा, चक्कर, पेटके, भरपूर घाम, पण डोकं ठिकाणावर: ही उष्णतेची दमणूक. थांबा, सावली, पाणी-मीठ, त्या दिवशी चालणं बंद. माणूस बरळायला लागला, वाट चुकतोय हे त्याला कळत नाही, कोसळला: हा उष्माघात धरा. शरीराचं तापमान ४०च्या वर असतं. घाम सुटलेला आहे म्हणून उष्माघात नाही, असं समजू नका. चालताना होणाऱ्या उष्माघातात माणूस ओलाचिंब असू शकतो. आधी थंड करा, मग हलवा.

थंड कसं करायचं, इथे धागाकर्तीचा मुद्दा पुन्हा येतो. कोरड्या हवेत अंगावर पाणी शिंपडून वारा घातला की काम होतं. दमट हवेत त्याचा उपयोग बराच कमी. इथे माणसाला ओहोळात, पाटात गळ्यापर्यंत बुडवा, डोकं कोणीतरी धरून ठेवा. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढतं. दुसरीकडे कोणीतरी १०८ला फोन लावायचा. पॅरासिटामॉल देऊ नका, हा ताप वेगळा, त्याने उतरत नाही. अंगदुखीवर आयबुप्रोफेनसारखी गोळी खाऊन उन्हात चालणंही टाळा, पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडांना ती त्रास देते.

आणि एकट्याने जाणाऱ्यांसाठी कडू गोष्ट. उष्माघातात पहिली जाते ती स्वतःबद्दलची समज. सोबत कोणी नसेल तर बरळणं ओळखणार कोण? म्हणून एकट्याची मर्यादा खूप अलीकडे ठेवायची. डोकं जड झालं तिथेच धागाकर्ती खाली उतरली, हे मला लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं.

---

चक्रम

डॉक्टर, म्हणजे शेवटी एकट्याने जाऊच नये ना? मी पहिल्याच प्रतिसादात पंखा सुचवला होता.

---

नाडीपरीक्षा

@चक्रम, जाऊ नये असं म्हणत नाही. काजू वेचणाऱ्या कितीतरी बायका दिवसभर एकट्याच असतात. पण त्यांना रोजची सवय असते. दमट उन्हाची सवय शरीराला लागायला आठवडा ते दोन आठवडे लागतात: घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, नाडी शांत राहते. एसी ऑफिसातून उठून शनिवारी थेट सड्यावर गेलात तर यातलं काही झालेलं नसतं. आधी दहा-बारा दिवस संध्याकाळी उन्हं असताना तासभर चाला.

---

दुधसागरी

लेख आवडला, वाचनखूण साठवली आहे.

जरा नाजूक प्रश्न. ओल्या कपड्यांनी मांड्या घासून सोलवटतात, त्यावर काय करता? माझी दोन चालणी त्यावरच संपली. आणि बाई म्हणून एकटीने गावात मुक्काम मागायला अवघड वाटत नाही?

---

रानवाटसरू

@दुधसागरी, नाजूक कसला, सगळ्यांचाच प्रश्न आहे. सुती कपडे बंद. भिजले की भिजलेलेच राहतात. आत अंगाला घट्ट बसणारी अर्धी सायकल-चड्डी, वरून सैल पँट, आणि निघतानाच खोबरेल. सोलवटल्यावर लावून उपयोग नाही. दुपारी थांबते तेव्हा आंघोळ होते, कपड्यांचा दुसरा जोड चढतो, पहिला सॅकवर वाळत जातो. वाळत जातो म्हणजे, थोडा कमी ओला होतो.

मुक्कामाचं म्हणाल तर अनोळखी दार वाजवत नाही. वाळपई, साखळीत नातलग आहेत, त्यांच्या ओळखीने पुढचं गाव आधीच ठरलेलं असतं. तिथल्या घरी माझी यायची वेळ माहीत असते, त्यामुळे उशीर झाला तर शोधायला कोणीतरी निघेल. बऱ्याच भागात फोन लागत नाही, म्हणून हे बिनफोनचं जाळं हवंच. दिवसा भेटणारे लोक चौकशी भरपूर करतात. घरी कोण आहे, नवरा कुठे, पगार किती. त्रास म्हणावा असा कोणी दिला नाही. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, मी कोंकणी बोलते याचाही फरक पडत असेल.

---

सॅनदिएगोवाला

वाटेत जांभ्याच्या जुन्या खाणी लागतात ना? पावसाचं पाणी साठलेलं असतं. लहानपणी आम्ही त्यात उड्या मारायचो. उन्हात दिसल्या की मोह होतो.

---

वाळपईचो

@सॅनदिएगोवाला, मोह आवरा. चिरे काढलेल्या खाणीच्या भिंती सरळ तासलेल्या असतात, धरायला काही नाही, आणि खोली कळत नाही. आत गेलेला पट्टीचा पोहणाराही वर यायला धडपडतो. बुडून गेलेली पोरं आम्ही काढली आहेत. अंग भिजवायचं तर वाहता ओहोळ, गुडघाभर पाणी. प्यायचं पाणी गुरं बसतात त्याच्या वरच्या अंगाचं, आणि तेही क्लोरीनची गोळी टाकून. घर असेल तर विहिरीचं मागा, नाही कोणी म्हणत नाही.

---

तापमापी

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. पुढचा तुकडा कुठला?

---

रानवाटसरू

@तापमापी, साकोर्ड्यापासून कुळेपर्यंत. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ वाटेत घ्यायचं आहे. कदंबांच्या काळातलं, घडीव काळ्या पाषाणाचं, आतला दगड भर दुपारीही थंड असतो. पण तिथून पुढे मोलेचं अभयारण्य, त्यामुळे परवानगीचं बघते आहे.

---

वाळपईचो

कुळ्याहून पुढे दूधसागरकडे रुळाच्या कडेने जायचा विचार असेल तर सोडा. रेल्वेची बंदी आहे आणि पकडतात. शिवाय बोगद्यात गाडी आली तर उभं राहायला जागा नाही.

---

रानवाटसरू

रूळ नाहीच. कुळ्याहून दक्षिणेला सांगेकडे वळणार, गावातून.

साकोर्डा ते कुळे पट्ट्यात दुपारी चार-पाच तास टेकता येईल असं कुळागर कोणाच्या ओळखीचं आहे का? पेज मी करून देईन, आमटीसुद्धा.

---

काजूबोंड

मामाचं आहे, साकोर्ड्याच्या अलीकडे. व्यक्तिगत निरोप करतो. मामीला पेज दुसऱ्याने केलेली चालत नाही, तुम्ही फक्त लवकर पोचा.